प्रश्न कुणाकडे झुकतो? सीईटी कक्षाला खुले पत्र

मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,

विषय : एमएचटी-सीईटीच्या प्रत्येक प्रश्नाची मुलगे व मुली अशी तुलनात्मक तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल

स. न. वि. वि.

एप्रिल २०२५ मध्ये एमएचटी-सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले. परीक्षार्थींनी केंद्राबाहेर येताच ओरड केली आणि ५ मे रोजी त्या सत्राची फेरपरीक्षा घ्यावी लागली. पर्याय चुकला की तो दिसतो, शुल्क भरून त्यावर हरकत घेता येते, उत्तरसूची सुधारता येते. आम्ही ज्या दोषाबद्दल लिहीत आहोत तो परीक्षार्थीला दिसत नाही, क्लासच्या सरांना दिसत नाही आणि प्रश्न काढणाऱ्यालाही दिसत नाही. प्रश्नाचे उत्तर बरोबर असते, भाषा नीट असते, धडा अभ्यासक्रमातला असतो. तरीही अगदी सारख्या तयारीचे एक मुलगा आणि एक मुलगी घेतले, तर दोघांपैकी एकाला तो प्रश्न जास्त सहज सुटतो. हा दोष केवळ उत्तरांच्या नोंदींत सापडतो, आणि त्या नोंदी आपल्या कक्षाच्या ताब्यात आहेत.

मापनशास्त्रात याला डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग म्हणतात, बोलताना नुसते ‘डिफ’. आम्ही या पत्रात ‘प्रश्नाचा कल’ असे म्हणू.

आधी एक गैरसमज बाजूला काढतो, कारण तो दोन्ही बाजूंचे लोक करतात. दरवर्षी बारावीच्या निकालात मुली पुढे असतात. २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या निकालात मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण ९४.५८ टक्के होते, मुलग्यांचे ८९.५१. त्याच वर्षी जेईई मेनमध्ये १०० पर्सेंटाइल मिळवणाऱ्या २४ जणांत मुली दोनच होत्या. पहिला आकडा पाहून कुणी म्हणते मुली हुशार, दुसरा पाहून कुणी म्हणते परीक्षा पक्षपाती. दोन्ही आकड्यांतून प्रश्नपत्रिकेबद्दल काहीच कळत नाही. उत्तीर्ण होणे ही खालची रेषा, १०० पर्सेंटाइल हे अगदी वरचे टोक. परीक्षेला बसणारे वेगळे, तयारीला मिळालेली वर्षे वेगळी, कोट्याला किंवा लातूरला कुणाला पाठवले गेले तेही वेगळे. एकूण गुणांतली तफावत ही समाजाचीही असू शकते आणि परीक्षेचीही. या दोन्ही वेगळ्या करायच्या तर एकेका प्रश्नापर्यंत खाली उतरावे लागते.

तिथेही पहिला मोह चुकीचा असतो. एखादा प्रश्न ५१ टक्के मुलग्यांनी आणि ४४ टक्के मुलींनी सोडवला, म्हणून तो मुलींच्या विरोधात झुकलेला, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. कल्पित आकडे घेऊन पाहू. भौतिकशास्त्रात २० च्या आसपास गुण मिळवणाऱ्या गटात ३०० मुलगे आणि ७०० मुली आहेत. ३५ च्या आसपासच्या गटात ७०० मुलगे आणि ३०० मुली. खालच्या गटात हा प्रश्न ३० टक्के मुलग्यांना आणि ३५ टक्के मुलींना आला, वरच्या गटात ६० टक्के मुलग्यांना आणि ६५ टक्के मुलींना. म्हणजे दोन्ही गटांत मुली पाच टक्क्यांनी पुढे. आता बेरीज करा : मुलग्यांचे ९० अधिक ४२०, म्हणजे हजारांत ५१०, मुलींचे २४५ अधिक १९५, म्हणजे हजारांत ४४०. वरवरच्या टक्केवारीत मुलगे सात टक्क्यांनी पुढे, आणि सारख्या गुणांच्या मुलामुलींची तुलना केली तर कल मुलींच्या बाजूने. हा प्रश्न ‘मुलींवर अन्याय करणारा’ म्हणून वगळला असता, तर मुलींचेच नुकसान झाले असते.

म्हणून तुलना नेहमी सारख्या गुणांच्या मुलामुलींची करायची. त्यासाठी सर्वांत रुळलेली रीत मँटेल आणि हेन्झेल यांची. १९५९ मध्ये ती रोगांच्या अभ्यासासाठी निघाली आणि १९८८ मध्ये हॉलंड व थेयर यांनी ती परीक्षेच्या प्रश्नांना लावली. आपल्या कक्षाला ती अशी वापरता येईल.

विषयवार गुण घ्या, २०० पैकी एकूण गुण नकोत. गणिताचे १०० गुण त्यात मिसळले, की भौतिकशास्त्राच्या प्रश्नाची तुलना गणिताच्या तयारीवर होऊ लागते. भौतिकशास्त्रात ५० प्रश्न, म्हणून ० ते ५० अशा ५१ पायऱ्या. अगदी टोकांना मुले कमी असतील तर शेजारच्या पायऱ्या जोडा. ज्या प्रश्नाची तपासणी चालू आहे त्याचा गुणही या बेरजेत राहू द्या; तो काढला तर नसलेला कल दिसू लागतो. दर पायरीवर चार संख्या लागतात : बरोबर उत्तर देणारे मुलगे, चूक देणारे मुलगे, बरोबर देणाऱ्या मुली, चूक देणाऱ्या मुली. ‘बरोबर मुलगे गुणिले चूक मुली’ याला त्या पायरीवरच्या एकूण संख्येने भागा. सगळ्या पायऱ्यांची बेरीज करा. तसेच ‘चूक मुलगे गुणिले बरोबर मुली’ यांची बेरीज करा. पहिल्या बेरजेला दुसरीने भागले की एक गुणोत्तर मिळते. ते १ आले तर प्रश्नाला कल नाही. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन उणे २.३५ ने गुणले की अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसचे परिचित माप मिळते. ते उणे आले तर कल मुलींच्या विरोधात, अधिक आले तर मुलग्यांच्या.

हे माप किती म्हणजे जास्त, याची मर्यादाही ठरलेली आहे. उणे-अधिकचे चिन्ह सोडून ते १ पेक्षा कमी असेल तर ‘ए’ वर्ग, प्रश्न बिनघोर वापरा. १.५ किंवा त्याहून जास्त असेल आणि १ च्या पुढे असल्याची संख्याशास्त्रीय खात्री असेल तर ‘सी’ वर्ग. मधले ‘बी’. एका पायरीचे उदाहरण द्यायचे तर : ३० गुणांवर ४०० मुलगे आणि ४०० मुली आहेत, मुलग्यांपैकी २४० बरोबर. मुलींपैकी १८० बरोबर असतील तर गुणोत्तर १.८३ आणि माप उणे १.४२, म्हणजे ‘बी’. मुली आणखी दहाने कमी, १७०, असतील तर गुणोत्तर २.०३ आणि माप उणे १.६६, म्हणजे ‘सी’. सगळ्या पायऱ्यांवर हेच चित्र असेल तर सारख्या गुणांच्या मुलामुलींत त्या एका प्रश्नावर सुमारे साडेसतरा टक्क्यांचे अंतर आहे, आणि त्याचे स्पष्टीकरण कुणीतरी द्यायला हवे.

हे करताना कुठे ठेच लागते तेही सांगून ठेवतो.

सीईटीच्या एका सत्रातल्या परीक्षार्थींची संख्याच इतकी मोठी असते की क्षुल्लक फरकही ‘सिग्निफिकंट’, म्हणजे योगायोगाने न आलेला, निघतो आणि संगणकाच्या यादीत त्यापुढे तारा (*) लागतो. त्यामुळे संगणकाने तारा लावलेले सगळे प्रश्न संशयित धरले तर निम्मी प्रश्नपेढी रिकामी होईल. मापाचा आकार बघा, तारे मोजू नका. दुसरे, उत्तरसूचीतला चुकलेला प्रश्न आधी काढून टाका. तो राहिला तर बेरीजच खराब होते. तिसरे, पहिल्या फेरीत जे ‘सी’ निघतील ते बेरजेतून वगळून (ज्याची तपासणी चालू आहे तो प्रश्न मात्र ठेवून) दुसरी फेरी करा, कारण झुकलेल्या प्रश्नांनी बनलेल्या पट्टीने झुकाव मोजणे म्हणजे वाकड्या ओळंब्याने भिंत तपासणे. चौथे, काही प्रश्नांचा कल खालच्या गुणांवर एकीकडे आणि वरच्या गुणांवर दुसरीकडे असतो. मँटेल-हेन्झेलमध्ये ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्रश्न निर्दोष दिसतो. त्यासाठी स्वामिनाथन आणि रॉजर्स यांनी १९९० मध्ये मांडलेली लॉजिस्टिक रिग्रेशनची रीत सोबत चालवावी. प्रवेशाचा निर्णय वरच्या गुणांवर होतो, म्हणून आपल्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. पाचवे, पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (जीवशास्त्राचा) हे गट कधीही एकत्र करू नका. कोणत्या गटाला कोण बसते यातच मोठी निवड होऊन गेलेली असते.

सहावी ठेच खास आपली आहे. सीईटीत गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मात्र मराठीत आणि उर्दूतही मिळते. समजा मराठी माध्यम निवडणाऱ्यांत मुलींचे प्रमाण जास्त निघाले, तर भाषांतराचा दोष मुलींच्या खात्यावर जमा होईल. म्हणून प्रश्नाची भाषा आणि लिंग अशी दुहेरी फोड करूनच आकडे वाचावेत. भौतिकशास्त्राच्या एखाद्या मराठी प्रश्नात अवघड संस्कृत प्रतिशब्द घातला आणि मुलांनी क्लासमध्ये ‘टॉर्क’च ऐकला असेल, तर त्या प्रश्नाचा कल लिंगाचा नाही, शब्दाचा आहे.

आता ‘सी’ वर्गात आलेल्या प्रश्नाचे काय करायचे? इथे घाई नको. कल सापडणे हा आरोप आहे, शिक्षा नव्हे. प्रश्न एका छोट्या समितीपुढे ठेवावा, आणि कल कुणाच्या बाजूने आहे हे समितीला आधी सांगू नये. सांगितले की माणसे कारण शोधून काढतातच, आणि पटण्यासारखे काढतात. नुसते प्रश्न वाचून कोणता झुकेल हे तज्ज्ञांनाही नीट ओळखता येत नाही, हे परीक्षा संस्थांच्या अनुभवाने पुन्हा पुन्हा दिसले आहे. ज्या प्रश्नावर सगळ्यांची बोटे रोखली जातात तो बहुधा ‘ए’ निघतो, आणि साध्या गणिती मांडणीच्या प्रश्नात कल लपलेला असतो.

समितीने एकच प्रश्न विचारायचा : ज्यामुळे फरक पडला ते कौशल्य आपल्याला मोजायचे होते का? नमुन्यादाखल दोन प्रश्न घ्या. पहिला सरासरीचा आहे, पण ‘उरलेल्या षटकांत आवश्यक धावगती किती’ अशा वेशात आलेला. टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला समीकरण मांडावेच लागत नाही, पाहून पाहून गणित हाताशी असते. इथे क्रिकेटची ओळख मोजली जाते, ती आपल्याला मोजायची नव्हती. प्रश्न बाद, गणित तेच ठेवून नवा मांडावा. (क्रिकेट काढून त्या जागी रांगोळीचे ठिपके घालणे हा उपाय नव्हे, त्याने झुकाव फक्त कूस बदलतो.) दुसरा प्रश्न स्फटिकाच्या जालकाचा किंवा रेणूच्या आरशातल्या प्रतिमेचा, ज्यात आकृती मनातल्या मनात फिरवावी लागते. मनात आकृती फिरवण्याच्या चाचण्यांत मुलग्यांची सरासरी वर असते, हा या क्षेत्रातला सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी एक आहे. सरावाने हे कौशल्य वाढते, हेही तितकेच पक्के आहे. रसायनशास्त्रात ते लागतेच. प्रश्न बाद करता येणार नाही. मात्र ५० पैकी असे प्रश्न किती असावेत हे आराखड्यात लिहिलेले असावे. एका सत्रात दोन आणि दुसऱ्यात सहा असे होऊ नये. सत्रागणिक प्रश्नपत्रिका वेगळी असते आणि पर्सेंटाइल त्या-त्या सत्रातल्या मुलांमध्येच काढले जाते. सत्र एकूण सोपे की अवघड एवढे त्यातून सावरले जाते. आतला कल सावरला जात नाही. मुलीच्या वाट्याला कोणते सत्र आले यावर तिचे पर्सेंटाइल हलू शकते.

निकाल लागल्यावर मात्र कलाच्या कारणाने गुणांना हात लावू नये. एका सत्रातला एक प्रश्न काढला तर त्या सत्राची सारी उतरंड बदलते आणि मग न्यायालयाच्या पायऱ्या आल्याच. या तपासणीचा उपयोग पुढच्या वर्षीच्या प्रश्नपेढीसाठी करावा. शक्य झाले तर प्रत्येक सत्रात पाच नवे, गुण नसलेले प्रश्न विखरून टाकावेत आणि त्यांचा कल आधीच तपासावा. भौतिक-रसायनच्या ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. पाच प्रश्न वाढवले तर साडेचार मिनिटेही वाढवायला हवीत, नाहीतर चाचणीच्या प्रश्नांचा भुर्दंड खऱ्या गुणांना बसेल.

कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे सुधारणेला खर्च जवळजवळ शून्य आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात तिथे मुली मुलग्यांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देतात, तेही सारखीच माहिती असताना. कॅथरीन बाल्डिगा यांचा २०१४ चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. चिलीने आपल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेतली पाव गुणाची कपात २०१५ च्या प्रवेशांपासून बंद केली. कॉफमन आणि क्लिनोव्स्की यांनी तपासले तेव्हा प्रश्न सोडण्यातले स्त्री-पुरुष अंतर सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले आढळले. अमेरिकेच्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेनेही २०१६ मध्ये कपात काढून टाकली. एमएचटी-सीईटीत ऋण गुण नाहीत, हे आपल्या परीक्षेचे मोठे बळ आहे. ‘दर्जा वाढवण्यासाठी’ ऋण गुण आणा अशी मागणी कधी आली, तर हा मुद्दा टिपणीत असू द्यावा.

पण कपात नाही म्हणून प्रश्न सुटला असेही नाही. जेईई आणि सीईटी देणारी मुले बहुतांशी तीच असतात, आणि जेईईच्या तयारीत ‘खात्री नसेल तर सोडा’ हे अंगात मुरलेले असते. खरे तर तो सल्ला जेईईतही गणिताला धरून नाही. चार पर्याय, बरोबरला चार, चुकीला उणे एक : डोळे मिटून उत्तर ठोकले तरी सरासरी पाव गुण हाती लागतो, आणि एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर दोन तृतीयांश गुण. सीईटीच्या गणितात प्रश्नाला दोन गुण आहेत. एक प्रश्न कोरा सोडला की सरासरी अर्धा गुण जातो, दहा सोडले की पाच. गुणवत्ता यादीच्या दाट भागात पाच गुणांत हजारो क्रमांक मावतात. म्हणून सूचनांच्या पडद्यावर मराठी, इंग्रजी आणि उर्दूत ठळक ओळ असावी : ‘चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवू नका.’ ‘सबमिट’ करण्यापूर्वी कोऱ्या प्रश्नांची संख्या दाखवून तीच ओळ पुन्हा यावी. आणि विश्लेषणात ‘पाहून सोडलेला’ व ‘तिथवर पोहोचलीच नाही’ हे दोन प्रकार वेगळे मोजावेत. संगणकाच्या नोंदीत दोन्ही असतात. पहिला धाडसाचा प्रश्न आहे, दुसरा वेळेचा.

प्रश्नवार तपासणीची एक मर्यादाही आम्ही लपवत नाही. ती प्रश्नांची एकमेकांशी तुलना करते. पन्नासच्या पन्नास प्रश्न सारखेच झुकलेले असतील तर ही रीत ‘सगळे आलबेल’ म्हणेल. त्यासाठी बाहेरची कसोटी हवी, आणि ती म्हणजे पहिल्या वर्षाचा निकाल. सारख्या पर्सेंटाइलने त्याच महाविद्यालयात, त्याच शाखेत प्रवेश घेतलेल्या मुलगा-मुलींचे पहिल्या दोन सेमिस्टरचे ग्रेड पॉइंट ताडून पाहावेत. महाविद्यालये एकत्र करू नयेत. स्वायत्त संस्थांचे गुणदान आणि विद्यापीठाचे गुणदान एका मापाचे नसते. मुली सातत्याने पर्सेंटाइलच्या अंदाजापेक्षा वर निघाल्या, तर सीईटी त्यांना कमी तोलते आहे. एसएटीबाबत नेमके हेच दिसत आले : कॉलेजातल्या मुलींचे गुण त्या परीक्षेच्या अंदाजापेक्षा वर येत. १९८९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फेडरल न्यायालयाने केवळ एसएटीच्या गुणांवर राज्याच्या शिष्यवृत्त्या वाटणे मुलींशी भेदभाव करणारे ठरवले, त्यामागे हाच युक्तिवाद होता. पुढे पीएसएटी या एसएटीच्या पूर्वपरीक्षेविरुद्धही तक्रार झाली आणि तडजोड म्हणून १९९७ पासून त्यात लेखनकौशल्याचा भाग आला.

काय करू नये याचीही उदाहरणे जगात आहेत. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठाने २०१२ मध्ये प्रवेश चाचणीचे गुण मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगवेगळे काढले. मोठा वाद झाला, आणि पुढच्याच वर्षी चाचणी बदलली. प्रश्न न तपासता बेरीज दुरुस्त केली की असे होते. टोकियोच्या वैद्यकीय विद्यापीठातला २०१८ मध्ये उघड झालेला प्रकार तर सरळ मुलींचे गुण कमी करण्याचा होता. तो आमच्या विषयात बसत नाही, पण प्रश्नवार आकडे जाहीर असते तर तसला कारभार वर्षानुवर्षे चालवणे इतके सोपे गेले नसते.

आपल्याकडे कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे; यादीतल्या ‘एल’ अक्षराच्या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफीही आहे. ‘एवढे दिले, आता प्रश्नपत्रिका कशाला उसवता?’ असे कुणी विचारेल. जागा राखणे हे धोरण आहे, काटा तपासणे हे कक्षाचे काम आहे. काटा बरोबर निघाला तर आरक्षणावरचे निम्मे आक्षेप आपोआप गळतील. झुकलेला निघाला, मग तो मुलग्यांच्या विरोधात का असेना, तर त्याचीही दुरुस्ती तितक्याच तत्परतेने व्हावी.

आमचे मागणे मोठे नाही. येत्या परीक्षेच्या एकाच सत्राच्या भौतिकशास्त्राच्या ५० प्रश्नांपासून सुरुवात करावी. नावे व अर्ज क्रमांक काढून टाकलेली एक सारणी पुरेल : लिंग, प्रश्नपत्रिकेची भाषा, प्रत्येक प्रश्नाचे निवडलेले उत्तर, त्यावर गेलेला वेळ, कोरा असल्यास कोणत्या प्रकारचा. ‘आर’ ही मोफत आज्ञावली आणि तिच्यातले ‘डिफ-आर’ हे पॅकेज साध्या लॅपटॉपवर चालते. निविदा काढण्याची गरज नाही. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ वर्गांत किती प्रश्न आले, कोणत्या दिशेला आले आणि ‘सी’ प्रश्नांवर समितीने काय ठरवले, एवढे दोन पानांत कक्षाच्या संकेतस्थळावर यावे. प्रश्नपेढीची गोपनीयता जपायची असेल तर प्रश्नाचा मजकूर न देता फक्त धड्याचे नाव द्यावे. सारणी तयार झाली की सूत्रे, आज्ञावलीच्या ओळी आणि समितीसाठी तपासपत्रक आम्ही विनामोबदला देऊ.

कळावे,

आपले विश्वासू,
शैक्षणिक मापन आणि प्रश्नपेढीच्या कामातले काही जण